'द सोप्रानोज'चा शेवटचा भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचबीओ वाहिनीवरील 'द सोप्रानोज' ही मालिका १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि १० जून २००७ रोजी तिचा ८६वा व शेवटचा भाग प्रसारित झाला. 'मेड इन अमेरिका' हे त्या भागाचे नाव. मालिकेचे निर्माते डेव्हिड चेस यांनी तो स्वतः लिहिला आणि दिग्दर्शितही केला. मालिकेचा नायक, न्यू जर्सीतील माफिया टोळीचा प्रमुख टोनी सोप्रानो, शेवटी मेला की नाही यावरून तेव्हापासून चाहत्यांमध्ये सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. मालिका नव्याने पाहून संपवणारा प्रत्येक जण त्याच काही प्रश्नांपाशी येऊन थांबतो, आणि त्या प्रश्नांची मला पटलेली उत्तरे कारणांसह येथे मांडली आहेत. यात संपूर्ण कथानक उघड केलेले असल्यामुळे ज्यांनी अद्याप शेवट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून घ्यावा, अशी मनापासून विनंती आहे.

शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा परिस्थिती काय असते?

न्यू जर्सीची डिमिओ टोळी, म्हणजे टोनीची टोळी, आणि न्यूयॉर्कची लुपर्टाझी टोळी यांच्यात उघड युद्ध पेटलेले असते. 'द ब्लू कॉमेट' या आदल्या भागात टोनी सोप्रानोचा मेहुणा बॉबी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात मारला जातो. टोनीचा सल्लागार सिल्व्हिओ गोळ्या लागून कोमात जातो. टोनी स्वतः एका आडबाजूच्या घरात, बॉबीने वाढदिवसाला भेट दिलेली रायफल उराशी धरून, अंथरुणावर पडून राहतो. त्याच्या बरोबरीची माणसे जवळपास संपलेली आहेत, आणि पुतण्यासारखा वाढवलेला क्रिस्टोफर तर त्याने काही भागांपूर्वी, मोटारीच्या अपघातानंतर, स्वतःच्याच हाताने नाक दाबून मारलेला आहे. शेवटच्या भागातले कौटुंबिक जेवण पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात नसेल, तर ते दृश्य केवळ एक लांबलेले जेवण वाटते.

युद्धाचा निकाल काय लागतो?

टोनी जिंकतो. एफबीआयचा एजंट हॅरिस, ज्याची नेमणूक एव्हाना दहशतवादविरोधी कामावर झालेली असते, न्यूयॉर्कचा प्रमुख फिल लिओटार्डो कोणत्या भागातून फोन करतो याचा सुगावा टोनीला देतो. दुसरीकडे फिलचाच हस्तक बुच तहाच्या बैठकीत आपल्या प्रमुखावर पाणी सोडतो. पेट्रोल पंपावर, पत्नी आणि गाडीत बसलेली जुळी नातवंडे यांच्यासमोर फिलला गोळी घातली जाते आणि गिअरमध्येच राहिलेली त्याची गाडी पुढे सरकून त्याच्या डोक्यावरून जाते.

या प्रसंगाकडे चाहत्यांचे लक्ष पुरेसे जात नाही, याची मला खंत वाटते. बातमी कळताच हॅरिस हर्षाने ओरडतो की आपण ही लढाई जिंकणार. कायद्याचा माणूस एका टोळीची बाजू घेऊन आनंद मानतो आहे, आणि त्या क्षणी घरात बसलेल्या प्रेक्षकालाही तोच आनंद झालेला असतो. अनेक आठवडे फिल मरावा अशी आपण वाट पाहिलेली असते. तो मरतो तेव्हा दिसते ते मात्र आक्रोश करणारी पत्नी, गाडीत अडकलेली तान्ही मुले आणि ते दृश्य पाहून ओकणारा एक वाटसरू. टोनीच्या मरणाबद्दलची आपली उत्सुकता कशाची बनलेली आहे, हे चेस आपल्याला शेवटच्या दृश्याच्या आधीच दाखवून ठेवतात.

शेवटच्या दृश्यात नेमके काय दिसते?

न्यू जर्सीतील ब्लूमफील्ड येथील 'होल्स्टन्स' या आइस्क्रीम पार्लरमध्ये टोनी प्रथम एकटा येतो. टेबलावरच्या ज्यूकबॉक्सची यादी चाळून तो एक गाणे लावतो. दारावर एक छोटी घंटा आहे; दार उघडले की ती वाजते आणि प्रत्येक वेळी टोनी मान वर करून पाहतो. पत्नी कार्मेला येते. त्यानंतर 'मेंबर्स ओन्ली' छापाचे जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस आत येतो आणि त्याच्या मागोमाग मुलगा ए. जे. येतो. तो माणूस काउंटरपाशी बसतो, टोनीच्या दिशेने एकदोनदा पाहतो आणि थोड्या वेळाने उठून प्रसाधनगृहात जातो. आजूबाजूला लहान मुले घेऊन आलेला एक स्काउट शिक्षक, एक तरुण जोडपे, टोपी घातलेला एक माणूस, पुढे आणखी दोन तरुण अशी चार ठिकाणची माणसे आहेत. बाहेर मुलगी मेडो रस्त्याच्या कडेला गाडी लावण्यासाठी झगडते आहे. ऑनियन रिंग्ज येतात आणि तिघे त्या अख्ख्याच्या अख्ख्या तोंडात टाकतात. मेडो रस्ता ओलांडून धावत येते, घंटा वाजते, टोनी मान वर करतो आणि गाण्याची ओळ अर्धवट असतानाच पडदा काळा होतो. सुमारे दहा सेकंद काळोख आणि नीरव शांतता राहते; त्यानंतरची श्रेयनामावलीही संगीताविना सरकते.

आपली केबल बंद पडली असे प्रेक्षकांना का वाटले?

कारण तोवर कोणत्याही मालिकेने अशा रीतीने निरोप घेतलेला नव्हता. त्या रात्री अमेरिकेत सुमारे १ कोटी १९ लाख प्रेक्षक हा भाग पाहत होते आणि ऐन मोक्याच्या क्षणी प्रक्षेपण तुटले अशीच अनेकांची समजूत झाली. सर्वसाधारण कथनात पडदा हळूहळू अंधारत जातो, संगीत मंद होत जाते आणि संपत आल्याची सूचना मिळते. येथे अशी कोणतीही सूचना नाही. ज्याची चाहूल लागत नाही असे काहीतरी घडले, एवढेच आपल्याला कळते आणि तेही घडून गेल्यानंतर. चाहूल न लागणे हा या मालिकेतला जुना विषय आहे. त्याचे धागेदोरे पुढच्या उत्तरांत येतील.

मग टोनी मेला का?

माझे स्पष्ट मत असे की होय, तो मेला. मात्र हे मत पडद्यावर दिसलेल्या मृत्यूवरून बनलेले नाही, कारण मृत्यू दिसतच नाही. ते त्या दृश्याच्या बांधणीवरून बनलेले आहे, म्हणून ती बांधणी सविस्तर सांगतो.

होल्स्टन्समधल्या त्या काही मिनिटांत कॅमेरा एक नियम घालून घेतो आणि तो पुन:पुन्हा पाळतो. आधी घंटेचा आवाज येतो, मग टोनीचा मान वर करणारा चेहरा दिसतो आणि त्यानंतर टोनीला जे दिसते ते, म्हणजे दारातून आत येणारी व्यक्ती, त्याच्या नजरेच्या कोनातून दिसते. दोनतीन वेळा हे घडल्यावर प्रेक्षकाच्या डोळ्यांना त्याची सवय होते, इतकी की पुढची घंटा वाजताच आपणही टोनीबरोबर दाराकडे पाहू लागतो. शेवटच्या वेळी घंटा वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, आणि नियमानुसार आता टोनीला जे दिसते ते दिसायला हवे. तेथे काळोख आहे. काळोख ही त्या नियमातली अखेरची जागा भरणारी प्रतिमा आहे, म्हणून तिला नियमाबाहेरचा अपघात मानणे मला पटत नाही. टोनीला त्या क्षणी काहीच दिसत नाही आणि काहीच ऐकू येत नाही. गाणेही त्याच क्षणी तुटते.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दृश्याच्या आरंभी टोनी दारात उभा राहून आत पाहतो आणि पुढच्याच शॉटमध्ये तो टेबलाशी बसलेला दिसतो, जणू तो स्वतःलाच पाहत होता. म्हणजे नजरेचा नियम सुरुवातीलाच डळमळीत आहे, असे आक्षेप घेणारे म्हणतात. माझ्या मते त्या कापणीमुळे नियम मोडत नाही, उलट आपण ज्या नजरेतून पाहणार आहोत ती टोनीची आहे हे तीच जाहीर करते. परंतु या एका जागेवर दोन समंजस प्रेक्षकांचे मतभेद होऊ शकतात, हे मला मान्य आहे.

दुसरे एक मत असे की टोनी जगतो आणि इथून पुढे प्रत्येक घंटेला अशीच मान वर करत राहतो; तीच त्याची शिक्षा. हे मत मला मनापासून आवडते, कारण त्यात त्या जेवणातली भीती नेमकी पकडली आहे. फक्त त्यासाठी पडदा एवढ्या निष्ठुरपणे कापण्याची गरज नव्हती. तिसरे मत असे की मारला गेला तो प्रेक्षक. त्याची नजर काढून घेतली गेली आणि मालिका त्याच्याशिवाय पुढे चालू राहिली. ही कल्पना चतुर आहे, पण मालिकेत तिला पुरेसे पुरावे सापडत नाहीत.

'ते घडते तेव्हा ऐकूही येत नसेल' हे वाक्य कोठून आले?

८ एप्रिल २००७ रोजी प्रसारित झालेल्या 'सोप्रानो होम मूव्हीज' या भागातून. टोनीच्या ४७व्या वाढदिवसानिमित्त टोनी आणि कार्मेला बॉबीच्या तळ्याकाठच्या घरी जातात. होडीत बसलेले असताना आपल्या धंद्यातल्या मरणाचा विषय निघतो आणि बॉबी म्हणतो की ते घडते तेव्हा बहुधा ऐकूही येत नसेल. वाक्य सहज येते आणि जाते. मात्र 'द ब्लू कॉमेट'च्या अखेरीस, टोनी रायफल घेऊन अंथरुणावर पडलेला असताना, तोच प्रसंग त्याच्या आठवणीत पुन्हा दाखवला जातो. शेवटच्या भागाच्या अगदी तोंडावर जुने वाक्य मुद्दाम उकरून काढण्याचे दुसरे कोणतेही कारण मला दिसत नाही.

याहून कमी चर्चिला जाणारा पुरावा 'स्टेज ५' या भागात आहे. सिल्व्हिओ ज्याच्याबरोबर जेवायला बसलेला असतो त्या जेरी टोर्सियानोला तेथेच गोळ्या घातल्या जातात. त्या प्रसंगात आधी सिल्व्हिओच्या चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे दिसतात आणि आवाज मागाहून पोहोचतो. काय झाले ते त्याला काही क्षण समजतच नाही. भोजनगृह, गप्पांच्या ओघातले जेवण आणि आवाजाच्या आधी आलेला मृत्यू असा हा सगळा प्रसंग होल्स्टन्सच्या सात भाग आधी आपल्यासमोर घडून गेलेला असतो.

जॅकेट घातलेला माणूस कोण आहे?

श्रेयनामावलीत त्याला नाव नाही, केवळ जॅकेटवरून त्याचा उल्लेख आहे. २००७ साली इंटरनेटवर अशी आवई उठली होती की तो फिल लिओटार्डोचा पुतण्या असून आधीच्या एका भागात दिसला होता. ही माहिती खोटी आहे. तो अभिनेता मालिकेत त्याआधी कधीही दिसलेला नाही.

जॅकेटला मात्र अर्थ आहे. सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागाचे नावच 'मेंबर्स ओन्ली' होते. त्यात युजीन पोंटेकॉर्व्हो हा टोळीचा सदस्य असेच जॅकेट घालतो, एका भोजनगृहात जाऊन जेवत बसलेल्या माणसाचा खून करतो, टोळीतून बाहेर पडण्याची परवानगी मागतो आणि ती न मिळाल्यामुळे अखेर गळफास घेतो. त्याच भागाच्या शेवटी स्मृतिभ्रंश झालेला काका ज्युनिअर टोनीवर गोळी झाडतो. या जॅकेटबरोबर भोजनगृहातला खून आणि टोनीच्या पोटात शिरलेली गोळी या दोन्ही आठवणी आत येतात. प्रसाधनगृहात जाण्याचा संदर्भ तर सर्वांना ठाऊक आहे : १९७२ सालच्या 'द गॉडफादर' या चित्रपटात मायकेल कॉर्लिओने भोजनगृहाच्या प्रसाधनगृहात लपवलेले पिस्तूल घेऊन परत येतो. ते दार टोनीच्या उजव्या हाताला आहे आणि तो पाहत असतो समोरच्या दाराकडे.

फिल मेला आणि तह झाला. मग टोनीला मारण्याचे कारण कोणाला होते?

हा प्रश्न गुन्हेकथेच्या सवयीतून येतो आणि त्याचे निश्चित उत्तर मालिका देत नाही. शक्यता पुष्कळ आहेत. प्रमुखाचा खून खपवून घेणारा बुच दुसऱ्या बाजूचा हिशेबही चुकता करू शकतो. फिलच्या कुटुंबातले कोणी असू शकते. टोनी साक्षीदार होण्यापूर्वी त्याचे तोंड बंद करण्याची गरज कोणाला तरी वाटू शकते. पण टोनीने आठ वर्षांत एवढ्या घरांत शोक पोहोचवला आहे की मारेकऱ्याचे नाव शोधणे मला दुय्यम वाटते. युजीनने ज्याला मारले त्या माणसालाही समोरचा कोण आहे हे ठाऊक नव्हते.

टोनी वाचला असता तर तुरुंगात गेला असता का?

बहुधा गेला असता. त्याच्या हाताखालचा कार्लो गेर्व्हासी बेपत्ता होतो. मुलगा अमली पदार्थांच्या प्रकरणात अडकल्यामुळे तो सरकारी साक्षीदार झाला असावा, असा अंदाज बांधला जातो. वकील मिंक टोनीला सांगतो की आरोपपत्र दाखल होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के आहे. होल्स्टन्समध्येही टोनी कार्मेलाला हळूच सांगतो की कार्लो साक्ष देणार आहे, आणि तेवढ्यावर विषय संपतो. अमेरिकेत १९७० साली झालेल्या 'रिको' कायद्यामुळे एकेक गुन्हा सुटा सिद्ध करण्याऐवजी संपूर्ण टोळी हाच एक गुन्हेगारी उद्योग म्हणून न्यायालयापुढे उभा करता येतो, आणि अशा खटल्यात आतल्या माणसाची साक्ष निर्णायक ठरते. युद्ध जिंकलेल्या माणसाच्या एका दारात पोलीस आहेत आणि दुसऱ्या दारात मारेकरी.

मेडोची गाडी लावण्याची धडपड एवढी लांबवण्याचे कारण काय?

तणाव वाढवणे हे उघड कारण आहे. दोनदा फसलेली आणि तिसऱ्यांदा जमलेली ती खटपट पाहताना छातीत धडधडते. त्याखाली आणखी एक गोष्ट आहे. मेडो वेळेवर पोहोचली असती तर ती वडिलांच्या शेजारी, म्हणजे प्रसाधनगृहाच्या दाराच्या बाजूला, बसली असती अशी मांडणी अनेक चाहते करतात. ती उशिरा आल्यामुळे ती जागा मोकळी राहते. हे निर्विवादपणे सिद्ध करता येणार नाही, पण मेडोला उशीर होण्याचे कारण फार साधे आहे, डॉक्टरकडची भेट, आणि एवढ्या साध्या कारणावर एवढे अवलंबून असणे या मालिकेच्या स्वभावाला धरून आहे.

गाणे तेच का निवडले?

जर्नी या बँडचे 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन'' हे १९८१ सालचे गाणे आहे. उंची रुचीच्या प्रेक्षकांना ते तेव्हा सवंग वाटले होते. परंतु टोनी हा आपल्या तरुणपणातल्या रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांवर वाढलेला माणूस आहे आणि अशा ठिकाणी बसल्यावर तो हेच लावणार. गाणे 'थांबू नकोस' अशा अर्थाच्या शब्दांपाशी तुटते, ही योजना मला अजूनही अंगावर काटा आणते.

मांजर क्रिस्टोफरचा पुनर्जन्म आहे का?

लपण्याच्या घरी सापडलेले ते मांजर टोळीच्या अड्ड्यावर आणले जाते आणि भिंतीवरच्या क्रिस्टोफरच्या छायाचित्राकडे टक लावून बसते. छायाचित्र हलवले तरी ते त्याच्यासमोर जाऊन बसते. ते कोण आहे याचे उत्तर नाही, आणि ते नसावे हेच बरे. मांजर महत्त्वाचे आहे ते पॉलीमुळे. पॉली अंधश्रद्ध आहे, त्याला ते मांजर सहन होत नाही, आणि शेवटी तो टोनीला सांगतो की आपल्याला एकदा साक्षात कुमारी मेरी दिसली होती. टोळीतला सर्वांत जुना, सर्वांत निर्दय माणूस मांजराला भितो आहे आणि उन्हात खुर्ची टाकून एकटाच बसला आहे. एकेकाळी त्याच अड्ड्यासमोर बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या.

ज्युनिअरच्या भेटीबद्दल एवढे का बोलले जाते?

कारण माझ्या मते या भागातले सर्वांत थोर दृश्य होल्स्टन्समधले नसून हे आहे. डॉमिनिक कियानीझी यांनी रंगवलेला ज्युनिअर सरकारी रुग्णालयात चाकांच्या खुर्चीवर बसलेला आहे. टोनी त्याला आठवण करून देतो की तू आणि माझे वडील, तुम्ही दोघांनी मिळून उत्तर जर्सी चालवली होती. ज्युनिअर थोडे नवल करतो आणि म्हणतो की हे छानच झाले म्हणायचे. त्याला भाऊ आठवत नाही, टोळी आठवत नाही, पुतण्यावर झाडलेली गोळी आठवत नाही. पहिल्या पर्वात ज्या प्रमुखपदासाठी या दोघांनी एकमेकांना मारण्याचे डाव रचले होते, त्या पदाची स्मृतीही उरलेली नाही. टोनीच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो उठून जातो. टोनीचा शेवट दोन प्रकारे होऊ शकतो, तुरुंग किंवा गोळी, असे आपण म्हणत असतो. म्हातारे होण्याचा तिसरा मार्ग कसा दिसतो ते येथे दाखवले आहे.

डॉ. मेल्फी शेवटच्या भागात का नाहीत?

टोनीवर उपचार करणाऱ्या या मानसोपचारतज्ज्ञांचा निरोप आदल्या भागातच झालेला आहे. एक सहकारी डॉ. मेल्फी यांच्या नजरेस योचेल्सन आणि सॅमेनाऊ यांचे संशोधन आणून देतो. संवादातून होणाऱ्या उपचारांमुळे समाजविघातक वृत्तीची माणसे सुधारत नाहीत, उलट अधिक सराईत होतात, असा त्याचा सूर असतो. ते वाचल्यावर त्या टोनीला दार दाखवतात. निमित्त होते ते प्रतीक्षागृहातल्या मासिकातून टोनीने फाडून घेतलेल्या एका पानाचे. अनेकांना हा निर्णय घाईचा वाटतो. मला तो उशिरा आलेला पण खरा वाटतो, आणि त्यामुळेच शेवटच्या भागात टोनी ए. जे.च्या समुपदेशिकेसमोर आपल्या आईचे रडगाणे पुन्हा सुरू करतो तेव्हा वाईट वाटते. इतक्या वर्षांच्या उपचारांनी त्याला एक नवा श्रोता शोधण्याचे कौशल्य तेवढे दिले.

मुलांचे पुढे काय होते?

ए. जे.ने काही आठवड्यांपूर्वी घरच्या जलतरण तलावात आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. जगातल्या दु:खाबद्दल तो खरोखर व्याकूळ आहे, सैन्यात जाण्याची भाषाही करतो; आईवडील त्याला चित्रपटनिर्मितीतली नोकरी आणि नवी गाडी देतात आणि ती व्याकुळता काही दिवसांत विरून जाते. मेडो वकील होणार आहे, कारण एफबीआयने वडिलांना नेताना तिने पाहिले. तिचे लग्नही टोळीतल्याच पॅट्सी पारिसीच्या मुलाशी ठरले आहे. दोघेही सुटले नाहीत.

होल्स्टन्समध्ये ए. जे. वडिलांना त्यांचेच एक जुने वाक्य ऐकवतो, की चांगले क्षण तेवढे लक्षात ठेवावेत. पहिल्या पर्वाच्या अखेरीस, वादळी रात्री आर्टी बुकोच्या भोजनगृहात मेणबत्तीच्या उजेडात, टोनीने कुटुंबाला हेच सांगितले होते. टोनीला स्वतःला ते आठवत नाही.

स्वतः चेस यांनी काय सांगितले आहे?

प्रसारणानंतर लगेच त्यांनी स्पष्टीकरण देण्यास नकार दिला. जे आहे ते सगळे पडद्यावर आहे, अशी त्यांची भूमिका होती. २०१४ साली टोनी मेलेला नाही असे ते म्हणाल्याचा एक लेख गाजला, पण ते विधान संदर्भ सोडून घेतल्याचा खुलासा त्यांच्या बाजूने त्वरित झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतसंग्रहात बोलता बोलता त्यांच्या तोंडून 'मृत्यूचे दृश्य' असा शब्द निघून गेला. २०२१ साली त्यांनी सांगितले की मूळ कल्पनेत टोनी लिंकन बोगद्यातून न्यूयॉर्ककडे एका बैठकीला जातो आणि तेथे त्याचे बरे होत नाही. पुढे एकदा गाडी चालवताना एक छोटेसे भोजनगृह दिसले आणि टोनीचा शेवट अशा जागी व्हावा असे त्यांच्या मनात आले. मालिकेच्या शीर्षकदृश्यात टोनी त्याच बोगद्यातून बाहेर पडून न्यू जर्सीकडे येतो, म्हणजे मूळ शेवटात तोच रस्ता उलट दिशेने कापला जाणार होता.

प्रेक्षकांची फसवणूक झाली, ही तक्रार योग्य आहे का?

राग येणे स्वाभाविक आहे. आठ वर्षे सोबत केलेल्या माणसाचा शेवट पाहू न देणे कठोर आहे आणि ज्यांना तो कठोरपणा मान्य नाही त्यांना अडाणी ठरवणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही. पण फसवणूक म्हणण्यासाठी दिलेले वचन मोडावे लागते, आणि या मालिकेने सर्व धागे जुळवून देण्याचे वचन कधीच दिले नव्हते. 'पाइन बॅरन्स' या २००१ सालच्या भागात बर्फातून पळून गेलेल्या रशियन माणसाचे पुढे काय झाले हेही तिने कधी सांगितले नाही. या भागाच्या लेखनासाठी चेस यांना २००७ सालचा एमी पुरस्कार मिळाला आणि मालिकेलाही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा सन्मान मिळाला.

मालिकेतली टोळी खरी आहे का?

डिमिओ टोळी काल्पनिक आहे. न्यू जर्सीत मूळ धरलेली खरी टोळी म्हणजे डिकॅव्हलकांटे. १९९९ साली, मालिका नुकतीच सुरू झालेली असताना, एफबीआयने चोरून ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणात त्या टोळीतली माणसे हीच मालिका आपल्यावर बेतली आहे का याची चर्चा करताना सापडली होती.

होल्स्टन्समधले ते टेबल अजून आहे का?

पार्लर आहे. टोनीची भूमिका करणारे जेम्स गँडोल्फिनी १९ जून २०१३ रोजी रोम येथे वयाच्या ५१व्या वर्षी निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ तेथे ते टेबल राखीव ठेवण्यात आले होते. मूळ बैठक २०२४ साली लिलावात ८२,६०० डॉलरला विकली गेली.

शेवट पुन्हा पाहायचा असेल तर आधी काय पाहावे?

सहाव्या पर्वातले 'मेंबर्स ओन्ली', 'सोप्रानो होम मूव्हीज', 'स्टेज ५' आणि 'द ब्लू कॉमेट' हे चार भाग क्रमाने पाहावेत आणि त्यानंतर पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागातले वादळी रात्रीचे जेवण पाहावे. मग होल्स्टन्सचे दृश्य दोनदा लावावे. पहिल्यांदा केवळ टोनीच्या डोळ्यांकडे पाहावे. दुसऱ्यांदा डोळे मिटून घ्यावेत आणि फक्त दारावरची घंटा मोजत राहावी.